३०० ओहमचा हेडफोन, ५० ओहमचा प्लेनार आणि एक ट्यूब अँप : निवड कशी करावी?

मंद्रसप्तक :

सप्रेम नमस्कार.

रात्री घर शांत झाल्यावर दीड-दोन तास हेडफोनवर संगीत ऐकण्याचा माझा अनेक वर्षांचा नेम आहे. माझ्याकडे दोन हेडफोन आहेत. पहिला सेनहायझरचा एचडी ६००, ज्याचा इम्पिडन्स (विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) ३०० ओहम आहे. दुसरा हायफायमॅनचा एचई-६ हा प्लेनार (सपाट पातळ पडद्याचा) असून त्याचा इम्पिडन्स ५० ओहम आहे आणि संवेदनशीलता एका मिलिवॉटला केवळ ८३.५ डेसिबल आहे. सध्या दोन्ही हेडफोन मी एका भरपूर ताकदीच्या ट्रान्झिस्टर अँपवर ऐकतो आणि त्या अँपबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

मागच्या महिन्यात मात्र एका मित्राच्या घरी, ६एसएन७ आणि ६०८० या ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या) असलेल्या अँपवर, मी माझाच एचडी ६०० ऐकला. तानपुऱ्याचा खर्ज इतका भरून येत होता आणि गायिकेचा आवाज इतका जवळ वाटत होता, की परत आल्यावर तीच ध्वनिमुद्रणे मला थोडी कोरडी वाटू लागली. तेव्हापासून ट्यूब अँप घेण्याचा विचार डोक्यातून जात नाही. वाचायला बसलो तर ओटीएल, ट्रान्सफॉर्मर-कपल्ड आणि हायब्रिड अशा तीन प्रकारांची नावे पुढे आली आणि प्रत्येकाचे समर्थक दुसऱ्या दोघांना नावे ठेवताना दिसले. माझ्या दोन्ही हेडफोनना एकच ट्यूब अँप चालेल का, आणि निवड करताना सर्वांत आधी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

निखारा :

आपण हेडफोनचे आकडे सुरुवातीलाच दिलेत, हे फार बरे केलेत, कारण बहुतेक लोक आधी अँप पसंत करतात आणि मग त्याला शोभेल असा हेडफोन शोधत बसतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

आपल्या दोन हेडफोनना अँपकडून काय लागते, ते मोजून पाहू. संगीतातल्या मोठ्या क्षणांना ११० डेसिबलपर्यंत जाता यावे, एवढी मोकळीक धरू. एचडी ६०० ची संवेदनशीलता एका व्होल्टला ९७ डेसिबल आहे, म्हणजे ११० पर्यंत पोहोचायला सुमारे ४.५ व्होल्ट लागतात. ३०० ओहममधून त्या वेळी वाहणारा करंट जेमतेम १५ मिलिअँपिअर असतो आणि शक्ती ६७ मिलिवॉटच्या आसपास. आता एचई-६ घ्या. ८३.५ पासून ११० पर्यंत जायला साधारण ४५० मिलिवॉट लागतात, ५० ओहमवर त्याचे ४.७ व्होल्ट होतात, पण करंट मात्र ९५ मिलिअँपिअर होतो. म्हणजे व्होल्टेज जवळपास तेवढेच आणि करंट सहापटींहून अधिक. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या एका तुलनेतच आहे.

ट्यूब व्होल्टेज सहज देते, करंट देताना मात्र ती कष्टी होते. ओटीएल म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले अँप. त्यात ६०८० किंवा तिची भावंड ६एएस७ ही ट्यूब थेट हेडफोन चालवते, मध्ये असतो तो फक्त एक कपॅसिटर. मुळात ही ट्यूब संगीतासाठी जन्मलेली नाही. वीजपुरवठ्याचे व्होल्टेज स्थिर राखण्यासाठी ती बनवली गेली, आणि तिचा अंतर्गत रोध इतर ट्यूबच्या मानाने खूपच कमी, एका अर्ध्या भागाला सुमारे २८० ओहम, असल्यामुळे हेडफोनवाल्यांनी तिला आपलेसे केले. तिच्या एका भागाची करंटची कमाल मर्यादा १२५ मिलिअँपिअर आहे आणि प्रत्यक्ष अँपमध्ये ती सहसा त्याच्या बरीच खाली चालवली जाते. आपल्या प्लेनारला ९५ मिलिअँपिअर लागतात, तेही आरएमएस (लहरीचे एक प्रकारचे सरासरी मूल्य), म्हणजे लहरीच्या टोकाला सुमारे १३४. त्यामुळे एचई-६ अशा अँपवर वाजेल, पण आवाज वाढवताच लहरीची टोके कापली जातील. एचडी ६०० च्या १५ मिलिअँपिअरसाठी मात्र तेच अँप ऐसपैस आहे.

दुसरी बाब अँपच्या स्वतःच्या आउटपुट इम्पिडन्सची, म्हणजे अँपच्या बाजूने असलेल्या विरोधाची. बॉटलहेड कंपनीचा क्रॅक हा जुळणी-संच या जातीतला सर्वांना ठाऊक असलेला नमुना आहे आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स सुमारे १२० ओहम आहे. एचडी ६०० चा इम्पिडन्स कागदावर ३०० असला, तरी १०० हर्ट्‌झच्या आसपास तो ५०० ओहमच्या जवळपास चढतो. १२० ओहमच्या मागून चालवल्यास ३०० ओहमवर ७१ टक्के व्होल्टेज पोहोचते आणि ५०० ओहमवर ८१ टक्के, म्हणजे खर्जाच्या त्या पट्ट्यात साधारण एक डेसिबलची उठावणी आपोआप मिळते. हीच आकडेमोड एखाद्या ३२ ओहमच्या साध्या डायनॅमिक हेडफोनवर केली, आणि त्याचा इम्पिडन्स अनुनादाच्या जागी (ज्या सुराला पडदा आपोआप जोरात हलतो) ६४ पर्यंत चढतो असे धरले, तर उठावणी चार डेसिबलच्याही पुढे जाते आणि खर्ज सैल, घुमणारा होतो. म्हणूनच अँपचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा सांगितला जातो. ३०० ओहमवाल्यांनी तो मोडला तर गोडवा मिळतो. ३२ ओहमवाल्यांनी मोडू नये.

शांतरव :

निखारा यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून एक सुचवतो. पैसे खर्च करण्याआधी दोन रेझिस्टर घेऊन एक प्रयोग करा.

आपल्याकडे ट्रान्झिस्टर अँप आहेच. १२० ओहमचा एकेक रेझिस्टर डाव्या आणि उजव्या वाहिनीच्या तारेत, हेडफोनच्या आधी, एकसरीत जोडा. सामाईक जमिनीच्या तारेत तो चुकूनही घालू नका, नाहीतर डाव्या बाजूचा आवाज उजवीकडे झिरपेल आणि आपण भलत्याच परिणामाला ट्यूबचा गुण समजाल. ही १२० ओहमची संख्या हवेतून आलेली नाही. आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकाने १९९६ साली हेडफोनच्या स्रोतासाठी हाच आउटपुट इम्पिडन्स सुचवला होता.

रेझिस्टर घातल्यावर एचडी ६०० चा आवाज सुमारे तीन डेसिबल उतरेल, तो व्हॉल्यूमने भरून काढा. हे अंदाजाने करू नका. ४०० हर्ट्‌झचा स्थिर सूर लावून हेडफोनच्या टोकांवरचे एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा आणि दोन्ही वेळा ते सारखे ठेवा. कान अर्ध्या डेसिबलच्या फरकाला आवाजाचा दर्जा समजून बसतो, आणि मित्राकडच्या बैठकीत तिथल्या अँपचा आवाज आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा थोडा मोठा असण्याची शक्यता नाकारता येत नाही. प्लेनारवरही हाच प्रयोग करून पाहा. त्याचा इम्पिडन्स सर्व स्वरांना जवळपास सपाट असल्याने आवाज दहा-अकरा डेसिबल खाली जाईल, पण त्याचा रंग बदलणार नाही.

या प्रयोगात आपल्याला मित्राकडचा आनंद पूर्ण मिळाला, तर आपल्याला आवडले होते ते आउटपुट इम्पिडन्सचे काम होते. काही उरले, तर ते ट्यूबचे.

जुना_व्हॉल्व्ह :

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. मी उरलेल्या दोन प्रकारांविषयी लिहितो, कारण दोन्ही हेडफोनना एकच अँप हवे असेल तर त्यांच्याकडे वळावे लागेल.

ट्रान्सफॉर्मर-कपल्ड अँपमध्ये ट्यूब आणि हेडफोन यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या वेढ्यांचे गुणोत्तर १० : १ असेल, तर इम्पिडन्स १०० : १ या प्रमाणात बदलतो. म्हणजे आपल्या प्लेनारचे ५० ओहम ट्यूबला ५,००० ओहमसारखे दिसतात आणि निखारा यांनी काढलेले ९५ मिलिअँपिअर ट्यूबच्या बाजूला साडेनऊच उरतात. त्याऐवजी व्होल्टेजची लहर दहापट लागते, पण व्होल्टेज हा तर ट्यूबचा हातखंडा. शास्त्र म्हणून हा उपाय मला सर्वांत देखणा वाटतो. अडचण लोखंडाची आहे. खर्जातले सूर विकृत न होता पार जाण्यासाठी ट्रान्सफॉर्मरचा गाभा मोठा लागतो, वरचे सूर बोथट न होण्यासाठी वेढे कौशल्याने गुंफावे लागतात, आणि या दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरोधात जातात. चांगला ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग असतो. हलके आणि स्वस्त ट्रान्सफॉर्मर अँप दिसले, तर खर्ज नक्की तपासावा.

हायब्रिडमध्ये ट्यूब व्होल्टेज वाढवते आणि करंट देण्याचे काम ट्रान्झिस्टर किंवा मॉसफेट करतात. आउटपुट इम्पिडन्स कमी राहतो, प्लेनारला पुरेसा करंट मिळतो आणि अँप तापतेही कमी. वाईट हायब्रिडमुळे या जातीचे नाव खराब झाले आहे. माझ्याकडे एक होते, त्यातली ट्यूब सुंदर केशरी उजळत असे. एके रात्री खोलीतला दिवा घालवून जवळून पाहिले, तेव्हा लक्षात आले की काच बुडापासून एकसारखी उजळते आहे. उजेड ट्यूबखाली बसवलेल्या एलईडीचा होता. खऱ्या फिलामेंटचा उजेड तसा नसतो. कॅथोडच्या, म्हणजे फिलामेंटभोवतीच्या, नळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी निखाऱ्याच्या ठिपक्याएवढी लाली दिसते आणि मधला धातूचा पत्रा काळाच राहतो. पुढे तपासले तेव्हा त्या ट्यूबला अवघे २४ व्होल्ट मिळत होते, जिथे तिच्याकडून नीट काम करून घ्यायला शंभरच्या आसपास द्यायला हवे होते. इतक्या कमी व्होल्टेजवर काही ट्यूब मर्यादित काम करू शकतात, तरी विचारून घ्या. प्लेटला, म्हणजे ट्यूबमधल्या त्या धातूच्या पत्र्याला, किती व्होल्ट दिले आहेत, हा हायब्रिड घेतानाचा पहिला प्रश्न असावा.

तरीही माझे वैयक्तिक मत असे, की एकाच अँपचा हट्ट आपण सोडावा. आपल्याकडे प्लेनारसाठी समर्थ अँप आधीच आहे.

मंद्रसप्तक :

सर्वांचे मनापासून आभार. शांतरव यांनी सांगितलेला प्रयोग सलग चार रात्री केला. एका मित्राने माझ्याकडे पाठ करून रेझिस्टर असलेली आणि नसलेली अशा दोन जोडण्या आलटून पालटून लावल्या. कोणती कोणती आहे हे मला सांगितले नाही, आणि पातळी मल्टिमीटरने जुळवली होती.

एचडी ६०० वर मला फरक बहुतेक वेळा ओळखता आला. खर्जाचा तो भराव, तानपुऱ्याच्या खालच्या तारेचे शरीर, हे रेझिस्टरसह जवळजवळ मित्राकडच्यासारखे झाले. प्लेनारवर मला काहीच वेगळे ऐकू आले नाही. पण मग मित्राच्या घरी जाऊन पातळी जुळवून पुन्हा त्याचे अँप ऐकले, तेव्हा गायिकेच्या आवाजाची जवळीक तिथे अजूनही थोडी जास्त वाटली. ही मनाची समजूत आहे, की उरलेला भाग खरोखर ट्यूबचा आहे, ते मला कळत नाही.

निखारा :

दोन्ही शक्यता आहेत, आणि त्या वेळी आपल्याला अँप डोळ्यांसमोर दिसत होते हे विसरू नये. तरी ट्यूबचा भाग असू शकतो, त्याला कारण आहे. एकाच बाजूने चालणाऱ्या ट्रायोड (साध्या, तीन घटकांच्या) ट्यूबच्या विकृतीत, म्हणजे मूळ सुरात तिने घातलेल्या भरीत, दुसऱ्या संनादाचे प्राबल्य असते. दुसरा संनाद म्हणजे मूळ सुराचाच वरच्या सप्तकातला सूर. तिसरा संनाद वरच्या सप्तकातल्या पंचमावर पडतो. सातव्यासारखे वरचे विषम संनाद मात्र सुरेल चौकटीत बसत नाहीत आणि कानाला खरखरीत लागतात. गळ्यातून येणाऱ्या आवाजात दुसरा संनाद मुळातच भरपूर असतो, त्यामुळे अँपने त्यात किंचित भर घातली, तर ती परकी वाटत नाही, आवाज पुढे आल्यासारखा वाटतो.

पण मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. ही भर ठरावीक नसते. भार जितका जड, म्हणजे हेडफोनचा इम्पिडन्स जितका कमी आणि आवाज जितका मोठा, तितकी ती वाढते. ३०० ओहमवर मध्यम आवाजात ती मंद सुगंधासारखी राहते, ५० ओहमवर तीच सगळे झाकोळून टाकते. म्हणून आपल्याला ओटीएल आवडले ते एचडी ६०० वर आवडले, या वाक्यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आपण नोंदवलेला अनुभव माझ्या आकडेमोडीशी जुळतो. एचडी ६०० साठी ओटीएल घ्या आणि एचई-६ आहे त्याच अँपवर राहू द्या.

मंद्रसप्तक :

निर्णय झाला. ६एसएन७ आणि ६०८० वरचे ओटीएलच घेणार आहे. आता घेताना प्रत्यक्ष काय तपासू, आणि सुरुवातीलाच जुन्या नावाजलेल्या ट्यूब विकत घ्याव्यात का?

जुना_व्हॉल्व्ह :

आधी आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो : घेऊ नका. निदान काही महिने अँपसोबत आलेल्या ट्यूबवरच ऐका, म्हणजे त्या अँपचा मूळ आवाज कानात बसेल. मुलार्ड, टेलिफुंकन, तुंग-सोल, आरसीए ही नावे मोठी आहेत आणि म्हणूनच त्यांच्या नकला निघतात. काचेवरचा रंगीत शिक्का कोणालाही छापता येतो. खऱ्या टेलिफुंकनच्या बऱ्याच लहान ट्यूबच्या बुडाशी, पिनांच्या मधोमध, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची खूण काचेतच उमटवलेली असते. तिला बोट लावून पाहता येते. ट्यूब बदलून होणारा फरक मी ऐकला आहे, पण आपण रेझिस्टरने ऐकलेल्या फरकापेक्षा तो बहुतेक वेळा लहान असतो.

ट्यूब बदलाल तेव्हा केवळ बसते म्हणून बसवू नका. ६एसएन७ आणि ६०८० या दोघींचे आठ पिनांचे बूड सारखे आहे आणि पिनांची मांडणीही तीच आहे. पण पहिलीचा हीटर (ट्यूब आतून तापवणारी तार) ६.३ व्होल्टवर ०.६ अँपिअर घेतो आणि दुसरीचा २.५. घाईत अदलाबदल झाली, तर चुकीच्या जागेवर बसलेली ६०८० वीजपुरवठ्याच्या ट्रान्सफॉर्मरवर नको तेवढा भार टाकेल. नऊ पिनांच्या ईसीसी८८ आणि ईसीसी८२ यांचीही अशीच गफलत होते. ईसीसी८८ च्या जागी ईसीसी८२ बसते, पण तिच्या हीटरला तिथे निम्मेच व्होल्टेज मिळते आणि ती नीट तापतच नाही.

आता तपासणी. स्रोताची तार काढून ठेवा, अँप चालू करून दहा मिनिटे तापू द्या, मग हेडफोन लावून शांत खोलीत ऐका. व्हॉल्यूम शून्यावर असताना वीजपुरवठ्याची गुणगुण अजिबात ऐकू येऊ नये. हळूहळू वाढवत नेल्यावर शेवटी थोडी सळसळ आली तर चालेल. त्यानंतर पेन्सिलीच्या मागच्या रबराने ६एसएन७ च्या काचेवर हलकी टिचकी मारा. कानात बारीक टिंग झाले आणि लगेच विरले तर काळजी नको. ते घंटेसारखे रेंगाळत राहिले, तर ती ट्यूब बदलून मागा. आणि आपण रात्री अगदी हळू आवाजात ऐकत असाल, तर व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या टप्प्यात डावा-उजवा आवाज सारखा राहतो का, हे एकाच वाहिनीतल्या, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रणावर तपासा. स्वस्त पोटेन्शिओमीटर (व्हॉल्यूमची कळ) तिथे हमखास एका बाजूला झुकतात आणि गायिका मधून सरकून एका कानाशी जाऊन बसते.

हेडफोन लावून ठेवून अँप चालू करू नये. ट्यूब तापत असताना आउटपुटचा कपॅसिटर भरतो आणि तेवढ्यात एक धक्का हेडफोनमध्ये जाऊ शकतो. काही अँपमध्ये त्यासाठी रिले असतो, जो अर्ध्या मिनिटानंतर टक्‌ आवाज करून आउटपुट जोडतो. नसेल तर एक-दोन मिनिटे थांबून मगच हेडफोन लावा. बंद करताना आधी हेडफोन काढा.

मंद्रसप्तक :

शेवटचा एक प्रश्न. अँप पुस्तकांच्या कपाटात, वरच्या फळीखाली ठेवण्याचा विचार आहे. चालेल का?

जुना_व्हॉल्व्ह :

नाही. एका ६०८० चा हीटरच जवळजवळ १६ वॉट घेतो, वर प्लेटची उष्णता वेगळी, आणि ती सगळी काचेवाटे वर जाते. अँपच्या वर आणि चारही बाजूंनी हवा मोकळी खेळली पाहिजे. पडदा, कागद आणि लहान मुलांचा हात यांच्यापासून ते दूर ठेवा, कारण या काचेला बोट लागले तर हमखास भाजते. बंद केल्यावर ट्यूबला हात लावण्याआधी वीस मिनिटे तरी जाऊ द्या. खालचे झाकण मात्र थंड झाल्यावरही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये शंभराहून अधिक व्होल्ट बराच वेळ टिकून राहू शकतात. टेबलाच्या कडेपासून आत, उघड्यावर, हेडफोनची तार ओढली गेली तरी कलंडणार नाही अशा जागी ठेवा.